काठीमार्गे व्हिएन्ना

ब्राह्मणपुरीच्या प्रमिलाबाईंनी लग्नानंतरच्या छत्तीस वर्षांत शेगाव पाहिलं, शिर्डी पाहिली, एकदा उज्जैनही पाहिलं. पण खरं विचाराल तर त्यांनी पाहिली ती नवऱ्याच्या, म्हणजे दोधूआबांच्या, सदऱ्याची मागची शिवण. आबा पुढे आणि प्रमिलाबाई मागे, हा त्यांच्या प्रवासाचा नियम. कुठली गाडी, कुठला फलाट, कुठे उतरायचं, हे सगळं आबांच्या डोक्यात. प्रमिलाबाईंच्या डोक्यात एकच गोष्ट, ती पाठ गर्दीत हरवू द्यायची नाही. उज्जैनला एकदा त्या दुसऱ्याच एका पांढऱ्या सदऱ्यामागे अर्धा मैल चालत गेल्या होत्या. ही गोष्ट आबांनी गावात इतक्या वेळा सांगितली होती की आता ती शाळेतल्या पोरांनाही पाठ होती.

अशा प्रमिलाबाईंना एकटीने व्हिएन्नाला जायचं होतं.

कारण साधं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी स्वप्नाली तिथे नवऱ्याबरोबर राहत होती आणि फेब्रुवारीअखेर तिचे दिवस भरत होते. तिच्या सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्यांचा प्रश्नच नव्हता. "माय, तू ये. बाकी माले काही माहीत नही," असं फोनवर म्हणून स्वप्नाली रडायला लागली, आणि तिथेच सगळं ठरलं. पासपोर्ट झाला, व्हिसा झाला, विमानाचं तिकीट झालं. आबा काही जाणार नव्हते. सहा एकर पपई तोडणीला आली होती, आणि घरच्या दोन म्हशी आपल्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं. म्हशींचं दूध रोज दोन्ही वेळा प्रमिलाबाई काढत, हा भाग वेगळा.

घोळ झाला तो जावयाच्या प्रामाणिकपणामुळे. पवन म्हणाला, "आई, तुम्ही याल त्याच दिवशी हिला दवाखान्यात न्यावं लागलं, तर विमानतळावर मला येता येणार नाही. तुम्हाला एकटीने घरी यावं लागेल." आणि त्याने एक कागद पाठवला. आधी रेल्वे, मग जमिनीखालची गाडी, मग ट्राम. कुठेही कंडक्टर नाही. तिकीट मशीनमधून काढायचं आणि दुसऱ्या एका डब्यात सरकवून त्यावर आपणच शिक्का उठवायचा. सगळ्यात खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'स्टेशनांची नावं वाचायच्या भानगडीत पडू नका. स्टेशनं मोजा. आठव्याला उतरा.'

आबांनी तो कागद तीनदा वाचला. "सोताना तिकीटले सोताच शिक्का मारानं? हाऊ देश साधूसना शे का येडासना?" असं विचारून त्यांनी जाहीर केलं की, हे काही स्वप्नालीच्या मायचं काम नाही.

तरी आठ दिवस अंगणात तालीम झाली. आबांनी चुन्याच्या रेघा मारल्या. गोठ्याचा खुंटा म्हणजे विमानतळ, पाण्याचा हौद म्हणजे भुयारी स्टेशन, पायरी म्हणजे स्वप्नालीचं घर. तिकिटाचं मशीन स्वतः आबा झाले. मशीनने गप्प बसायचं आणि फक्त हात पुढे करायचा, इतकं सोपं काम. पण हे मशीन दर दोन मिनिटांनी सूचना करायचं आणि मधूनच चहा मागायचं. एकदा म्हैस येऊन मधल्या रेघेवरच बसली. आबा तिला उठवायला धावले, तोवर प्रमिलाबाई दुसऱ्या रेघेने वळसा घालून पायरीवर पोचल्यासुद्धा होत्या.

आबांना ते आवडलं नाही. "आंगनमा पास व्हयीसन काय व्हस?" ते म्हणाले. "खरी परीक्षा परकी जागावर. काठीले जाईसन दखाड."

तापीकाठच्या माणसाला सातपुडा रोज अंगणातून दिसतो, आणि रोज दिसतो म्हणूनच तो तिकडे फिरकत नाही. होळीला तेवढी माणसं वर डोंगरातल्या काठी गावची राजवाडी होळी बघायला जीपा भरभरून जातात. प्रमिलाबाई तेवढ्याही कधी गेल्या नव्हत्या. तिथली बोली त्यांना येत नव्हती, रस्ता माहीत नव्हता आणि तीन ठिकाणी गाडी बदलावी लागत होती. आबांनी नियम सांगितले. फोन घरी ठेवायचा. दर गाडीचं तिकीट स्वतः काढायचं. काठीच्या दुकानातून गावाचं नाव असलेलं बिल आणायचं. आणि सगळ्यात मोठा नियम शेवटी.

"तठे तुन्ही अहिराणी कोनले समजनार शे? मंग आठेबी बोलानं नही. आपला उंबरठापासून आपला उंबरठालगून एकबी शब्द नही. हात हालाडा, बोट दखाडा, चाली."

"आनि मी बोलनू तं?"

"तं नापास. तिकीट रद्द. स्वप्नाली तठली बाई कामले लाई ली."

पासपोर्ट लोखंडी कपाटात होता आणि कपाटाची किल्ली आबांच्या करदोड्याला. प्रमिलाबाईंना मुलीचा फोनवरचा आवाज आठवला. त्यांनी पदर खोचला आणि मान हलवली. खरं तर त्यांना त्या क्षणी पुष्कळ बोलायचं होतं.

जानेवारीतल्या एका सोमवारी, सकाळच्या पहिल्या एसटीत त्या चढल्या. रात्रभर झोप नव्हती, डोळे लाल झालेले, हातात भाकरी-चटणीची आणि अंगावर घ्यायच्या शालीची मिळून एक फुगलेली पिशवी. आणि शेजारी येऊन बसल्या त्या नेमक्या तापीबाई. तापीबाईंचं घर त्यांच्या घराला लागून. वाईट बाई नव्हे. पण त्यांना कळलेली गोष्ट त्यांच्याजवळ फार वेळ राहत नसे.

"कोठे चालनी व माय सकाय सकाय?"

प्रमिलाबाई हसल्या.

"एकलीच? आबा संगे नहीत?"

प्रमिलाबाईंनी मान हलवली. तापीबाईंनी पिशवीकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "रडी रडी डोया लाल करी लिधात. भांडन व्हयनं का?"

प्रमिलाबाई जोरजोरात नाही-नाही करायला लागल्या. पण नेमकी त्याच वेळी गाडी खड्ड्यांच्या रस्त्याला लागली आणि गाडीतल्या सगळ्यांच्याच माना वरखाली झाल्या. कुणाची मान नाही म्हणते आणि कुणाची हो म्हणते, ते देवालाही सांगता आलं नसतं.

एवढ्यात कंडक्टर आला. आता आमच्याकडे एक रीत आहे. गाडीत ओळखीचं माणूस भेटलं की त्याचं तिकीट आपण काढायचं. ज्याचा हात आधी पुढे जाईल त्याचा मान. तापीबाईंनी "दोन शहादा" म्हणून तिकिटं काढलीसुद्धा. प्रमिलाबाईंचं धाबं दणाणलं. दर गाडीचं तिकीट स्वतः काढायचं! त्यांनी कंडक्टरची बाही धरली आणि 'शहादा' असं घरूनच लिहून आणलेली चिठ्ठी त्याच्या नाकासमोर नाचवली.

"ताई, तुमचं तिकीट झालंय," कंडक्टर म्हणाला.

प्रमिलाबाईंनी छातीवर बोट ठेवलं. माझं. मी. कंडक्टरने खांदे उडवले आणि त्यांना आणखी एक तिकीट फाडून दिलं. शहाद्यापर्यंतच्या त्या एका सीटवर त्या दिवशी एक बाई दोन तिकिटांवर बसली होती.

तापीबाईंचा चेहरा पडला. छत्तीस वर्षांची शेजारीण, आणि तिने आपल्या हातचं तिकीट नाकारलं! यापूर्वी त्यांनी असं एकदाच पाहिलं होतं, त्यांची स्वतःची नणंद घर सोडून गेली तेव्हा. "मन्हा हातनं तिकीटबी नको व्हयनं तुले," त्या हळूच म्हणाल्या. "एवढं काय करं वं आबानी?"

एका शब्दाने सगळं मिटलं असतं. 'परीक्षा' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तो शब्द प्रमिलाबाईंच्या ओठांपर्यंत आला, आणि त्यांनी तो गिळला. शहाद्याच्या स्टँडवर अक्कलकुव्याच्या गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर तापीबाई रसवंतीच्या बाकावर बसून फोन लावत होत्या. एक फोन संपला. लगेच दुसरा लागला.

तळोदा आलं तेव्हा प्रमिलाबाईंनी पदर कपाळापर्यंत ओढून घेतला. त्यांचं माहेर तळोद्याजवळच, आणि धाकटा भाऊ गिरधर रोज बाजाराच्या निमित्ताने स्टँडवर असायचा. सुदैवाने तो दिसला नाही. अक्कलकुव्याला उतरून त्यांनी मोलगीची जीप पकडली. तिथे काहीच कठीण नव्हतं. ड्रायव्हर मोलगी-मोलगी ओरडतच होते, आणि जीपमध्ये जागा नाही असं कुणालाच वाटत नव्हतं. प्रमिलाबाईंना मधल्या फळीवर दोन बायकांच्या मध्ये बसवलं गेलं. रस्ता वर चढायला लागला, कानात दडे बसले. सगळी जीप बोलत होती आणि त्यातलं त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. गंमत म्हणजे त्यांना त्याची भीती वाटायची थांबली होती. कळत नाही म्हटल्यावर उत्तर देण्याची जबाबदारीही राहिली नव्हती.

मोलगीला काठीची जीप मिळाली आणि त्यांनी आबांच्या हातचा कागद काढला. आबांनी पवनच्याच पद्धतीने लिहिलं होतं, 'मोलगीपासून थांबे मोजणे. आठव्याला काठी.' हा आकडा आबांनी कुठून आणला होता ते त्यांनाच ठाऊक. व्हिएन्नात गाडी ठरलेल्या जागीच थांबत असेल. इथे गाडी माणसासाठी थांबते. पहिल्यांदा ती एका कोंबडीवाल्या बाईसाठी थांबली. दुसऱ्यांदा ड्रायव्हरला मेव्हणा भेटला म्हणून. तिसऱ्यांदा रस्त्यात शेळ्या बसल्या होत्या. हा थांबा धरायचा की नाही, यावर प्रमिलाबाईंनी थोडा विचार केला आणि धरला. गाडी थांबली म्हणजे थांबा, नियम म्हणजे नियम. चौथ्यांदा, पाचव्यांदा, सहाव्यांदा माणसं चढली. सातव्यांदा ड्रायव्हर तंबाखू मळायला थांबला. आठव्यांदा एक माणूस पोतं घेऊन उतरला, आणि त्याच्या मागोमाग प्रमिलाबाई ताठ मानेने उतरल्या.

जीप गेली. पोतंवाला माणूस पायवाटेने वर चढला आणि दिसेनासा झाला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये एक कुडाचं घर आणि तीन शेळ्या.

हे काही काठी नव्हतं. एवढं कळायला कागद लागत नाही. प्रमिलाबाईंनी सवयीने पुढे पाहिलं, आणि पुढे कुणाची पाठ नव्हती. त्या रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या आणि त्यांना सरळ रडू कोसळलं. रडण्याला नियमात बंदी नव्हती.

त्या आवाजाने घरातून एक म्हातारी बाहेर आली. तिने काहीतरी विचारलं. ते प्रमिलाबाईंना कळलं नाही, आणि कळलं असतं तरी बोलता येणार नव्हतं. म्हातारी आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. पाणी प्यायल्यावर प्रमिलाबाईंनी कागदावरचं 'काठी' दाखवलं. म्हातारीने कागद उलटा धरून कौतुकाने पाहिला आणि परत दिला.

मग प्रमिलाबाई उठल्या. त्यांनी हातांनी पोटाचा गोल घुमट केला. मग स्वतःकडे बोट दाखवून मांडीएवढ्या उंचीचं पोर दाखवलं, ते पोर हाताने मोठं मोठं करत डोक्याइतकं केलं, आणि पुन्हा पोटाचा घुमट. माझी पोर, आता ती मोठी, आता ती पोटुशी. मग दोन्ही हात पसरून अंगणात विमान होऊन एक फेरी मारली. शेळ्या उठून पळाल्या. शेवटी हुंदका, आणि जोडलेले हात.

म्हातारी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. उठली ती घरात गेली आणि ओंजळभर आमचूर घेऊन आली, वाळवलेल्या कैरीच्या काळपट फोडी. त्या तिने प्रमिलाबाईंच्या पदरात ओतल्या, वरून त्यांच्या मघाच्या घुमटासारखाच घुमट केला आणि तोंड आंबट करून दाखवलं. पोटुशीला आंबट लागतं, हे सांगायला कुठली बोली लागत नाही.

हिला काठीला जायचंय, हे तिला विमानामुळे कळलं की जोडलेल्या हातांमुळे, देव जाणे. पण तिने टेकायची काठी उचलली आणि पुढे चालायला लागली. वीसेक मिनिटं दोघी चालल्या. म्हातारी तिच्या बोलीत बोलत होती, प्रमिलाबाई मानेने. एकदा म्हातारीने स्वतःच्या गुडघ्यावर हात मारून लांबलचक काही सांगितलं, तर प्रमिलाबाईंनी आपला डावा गुडघा दाखवला आणि दोघींनी मिळून सुस्कारा टाकला. इतक्या गप्पा प्रमिलाबाईंनी कित्येक महिन्यांत कुणाशी मारल्या नव्हत्या. दोन वळणं गेली आणि काठी आलं. म्हातारीने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आली तशी मागे वळली.

आता बिल. रस्त्यावरच एक किराणा दुकान होतं. पाटीवर धर्मचंद असं नाव होतं. मारवाडातून आलेल्या घराण्यातला, साठीतला, चष्म्यातून वर बघणारा माणूस. त्याने आधी हिंदीत विचारलं, मग मराठीत, मग अहिराणीत. समोरची बाई गप्प. हातात कागद, खांद्याला पिशवी. तिने बिस्किटांच्या पुड्याकडे बोट दाखवलं, पुडा हातात घेऊन मागची बारीक अक्षरं निरखली (त्या 'काठी' शोधत होत्या), आणि मग तळहातावर बोटाने लिहून दाखवलं. बिल.

पाच रुपयांच्या बिस्किटाला बिल! धर्मचंद शेठ ताडकन उठले. "मॅडम, पहिल्यांदाच सांगायचं ना," असं म्हणत त्यांनी खुर्ची पुसून पुढे केली. काटा सारखा केला. वरच्या फळीवरचे चार पुडे गुपचूप खाली गेले. चहा आला. चहाचे पैसे द्यायला गेल्या तर शेठ कानाला हात लावून मागे सरले. बिल मात्र असं सुरेख लिहिलं की तालुक्याला दाखवावं. तारीख, वेळ, मुक्काम काठी, खाली सही, सहीवर शिक्का, आणि एक शिक्का उगीच जास्तीचा. मॅडम खूश झाल्या आहेत, हे बघून शेठनी स्वतः जीप थांबवली आणि पुढची सीट रिकामी करून घेतली. "मॅडम को अक्कलकुवा तक आराम से छोडना," त्यांनी ड्रायव्हरला बजावलं. प्रमिलाबाई आयुष्यात पहिल्यांदा जीपमध्ये पुढे बसल्या. समोर सगळा रस्ता दिसत होता. घाट उतरताना त्यांना वाटलं, हे असं असतं होय, आणि इतकी वर्षं आपल्याला कुणी सांगितलं नाही. थोडा रागही आला.

दिवस मावळायला त्या ब्राह्मणपुरीत उतरल्या, तर घरासमोर माणसंच माणसं. फाटकाशी गिरधरची मोटारसायकल. म्हशीला काही झालं की आबांना? पण आबा तर अंगणात खाटेवर बसलेले दिसत होते, चुन्याच्या पुसट रेघांच्या मधोमध, आणि सगळं गाव त्यांच्याभोवती. प्रमिलाबाई गर्दीच्या मागे थांबल्या. सगळ्यांची तोंडं आबांकडे होती.

"दाजी, छत्तीस वरीसमा मन्ही बहीण एकदाबी रुसीसन उनी नही," गिरधर कंबरेवर हात ठेवून म्हणत होता. "आज ती घर सोडीसन गयी. माहेरलेबी उनी नही. फोन लावा तं तुमना कपाटमा वाजी ऱ्हायना. काय करं तुम्ही तिले?"

"काही करं नही रे बाबा," आबा म्हणाले. त्यांचा आवाज प्रमिलाबाईंना ओळखू आला नाही. "मीच धाडी तिले."

"घरथून काढी दी?" तापीबाईंनी तोंडावर हात ठेवला. गर्दीतून मोठा आवाज उठला.

"नही! परीक्षा लेवाले धाडी!" आबा ओरडले, आणि मग त्यांना सगळं सांगावं लागलं. काठी, बिल, न बोलण्याचा नियम. कुणीतरी फिसकन हसलं. गिरधर मात्र हसला नाही.

"पन कसाले? पवन सांगस, ती येई जाई. तुमलेच का वाटनं ती रस्ता चुकी?"

आबांनी खाटेचं सुटलेलं सुंभ बोटाला गुंडाळलं.

"चुकी असं वाटनं नही माले," ते म्हणाले. "चुको असं वाटनं. आंगनमा ती पास व्हयनी. म्हैसले वळसा घालीसन पास व्हयनी. मंग ती दोन महिना गयी तं मी आठे कसा ऱ्हासू? माले चहा करता येत नही. साखर कोठे ऱ्हास ते माहीत नही. घर खावाले उठी माले. हाई तिले सांगानी मन्ही हिंमत व्हयनी नही, म्हनीसन परीक्षा काढी. आते दुपारपशी सारा गाव सांगी ऱ्हायना, ती गयी, ती गयी. आनि ती खरंच उनी नही तं?"

आणि दोधूआबांनी, ज्यांनी उज्जैनची गोष्ट शंभरदा हसून सांगितली होती, त्यांनी सगळ्या गावादेखत धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

तापीबाईंनी तेवढ्यात मागे वळून पाहिलं. "व माय! ही काय प्रमिलाबाई!"

गर्दी फाटली. आबा उठले. "बोल वं," ते म्हणाले. "पास व्हयनी तू. बोल आते."

सगळे वाट बघत होते. पण उंबरठा अजून दहा पावलं पुढे होता, आणि सकाळपासून जो शब्द गिळला तो दहा पावलांसाठी टाकून द्यायला प्रमिलाबाई तयार नव्हत्या. त्या सरळ चालत गेल्या. भावाच्या बाजूने, तापीबाईंच्या बाजूने, आबांच्या बाजूने. पायरी चढल्या. उंबरठा ओलांडला. मग वळून त्यांनी आबांच्या हातात एकेक वस्तू ठेवली: एसटीची तिकिटं, दोन शिक्क्यांचं बिल, आमचुराची एक फोड. बाकीचं आमचूर त्यांनी पदरातच घट्ट धरलं, ते व्हिएन्नाला जायचं होतं.

"तापीबाई," त्या पहिल्यांदा बोलल्या, आणि बारा तासांच्या गप्पपणाने आवाज घोगरा निघाला. "फोन कराना आगोदर मन्ही गाडी तं निंघू द्यानी व्हती."

मग त्यांनी आबांसमोर हात पसरला. "किल्ली."

आबांनी करदोड्याची गाठ सोडायला सुरुवात केली. गाठ काही सुटेना. शेवटी गिरधरने दातांनी सोडली.

"आते तुमनी परीक्षा," किल्ली पदराला बांधत प्रमिलाबाई म्हणाल्या. "चहा करा. नियम तेच. बोलानं नही, कोनले इचारानं नही."

आबा स्वयंपाकघरात गेले. प्रमिलाबाई दारातच पाटावर बसल्या. खिडकीत गाव गोळा झालं. शेगडी पेटवायला चार काड्या गेल्या. दूध सापडलं, कारण ते जाळीवर समोरच होतं. मग आबा डब्यांच्या फळीसमोर उभे राहिले. डब्यांवर नावं होती, पण ती स्वप्नालीने सातवीत असताना लिहून चिकटवलेली, आणि तेव्हापासून डब्यांतला माल कितीदा बदलला होता. 'चहा' लिहिलेल्या डब्यात मोहरी निघाली. 'साखर' लिहिलेल्या डब्यात धने. आबांनी धने हातात घेऊन वास घेतला आणि गोंधळून परत ठेवले. "उजवीकडे," असं तापीबाई खिडकीतून पुटपुटल्या, तशी प्रमिलाबाईंनी त्यांच्याकडे एक नजर टाकली आणि तापीबाई गप्प झाल्या.

समोर तीच पाठ होती. सदरा तोच, मागची शिवण तीच. पण आज त्या पाठीला पुढे कुठे जायचं ते कळत नव्हतं. प्रमिलाबाईंना आधी हसू आलं आणि मग एकदम भरून आलं. दोन महिने हा माणूस इथे असाच उभा राहणार होता.

त्या खाकरल्या. आबांनी वळून पाहिलं. प्रमिलाबाईंनी दोन्ही हात वर केले आणि आठ बोटं दाखवली. नावं वाचायच्या भानगडीत पडू नका. मोजा.

आबांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. ते फळीकडे वळले आणि डाव्या टोकापासून एकेका डब्याला बोट लावत मनातल्या मनात मोजायला लागले. पाचव्यावर दूध उतू गेलं, ते शेगडीकडे धावले, भांडं उतरवलं, बोट भाजून घेतलं, आणि परत आले तेव्हा आकडा विसरले होते. त्यांनी तोंडातला शब्द गिळला आणि पुन्हा पहिल्या डब्यापासून सुरुवात केली.

प्रमिलाबाईंनी बोटं खाली घेतली नव्हती.